आप्पांचा इसार

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आबांना — माझ्या वडलांना — सांगायचं राहून गेलं, असं लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं. राहून नाही गेलं. टाळलं. आता आबा नाहीत, आणि त्यांच्यापुरती आपली सुटका झाली असं मला त्यांच्या दहाव्याला वाटून गेलं होतं. बघा, सुरुवातच अशी आहे माझी.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. शिवाय तुम्ही मधेच माझ्या पाठीवर हात ठेवून 'जाऊ दे रे, धंद्यात चालायचंच' असं म्हणू शकत नाही. ते वाक्य मी स्वतःच स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय, की आता त्याचा काही उपयोग होत नाही.

मी गाड्या विकतो. मूळ गाव कवठे येमाई, राहायला शिरूर, नोकरी नगर रोडच्या एका शोरूमला. परदेशी, महाग गाड्या. कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तरी काही बदलत नाही. आमच्याकडं जास्त खपतात त्या उंच, दांडग्या गाड्या. रस्त्याला जमीन गेलेले, एमआयडीसीला जमीन गेलेले, कारखान्याच्या राजकारणातले लोक नेतात. त्या गाड्या खपवायला आम्ही गिऱ्हाइकाच्या मागं पळतो. फोन करतो, वाढदिवसाला केक पाठवतो, पोराच्या लग्नात आहेर करतो. अकरा वर्षं मी हेच केलं होतं.

पण मधूनच कधीतरी दुसरी गाडी येते. दोन दारांची, बुटकी, सुसाट पळणारी. कंपनी ती मोजकीच बनवते — मुद्दाम मोजकी — आणि सगळ्या देशाच्या वाट्याला मूठभर येतात. मग पळापळ उलटी होते. ज्यानं कधी माझा फोन उचलला नाही तो मला 'साहेब' म्हणायला लागतो. किंमत कंपनीच्या कागदावर छापलेली असते आणि वर एक रुपया घ्यायचा नाही असा नियम असतो. घेत कोणीच नाही. आम्ही त्याला 'पॅकेज' म्हणतो. रंगावरचं कोटिंग, चटया, विमा आमच्याकडचाच, आणखी कसली कसली यादी, आणि यादीत मावणार नाही ते हातात. गिऱ्हाईक ती यादी वाचतही नाही. त्याचा एकच प्रश्न असतो — मिळेल ना?

या प्रश्नाची गोडी लागते हो. मला लागली. 'बघतो' एवढंच म्हणायचं आणि समोरच्याचा चेहरा बघत बसायचा. हे कारण म्हणून सांगत नाही. मी कुठं उभा होतो ते कळावं म्हणून सांगतोय.

अशाच एका गाडीच्या वेळी राहूचे आप्पा आले.

राहू हे दौंड तालुक्यातलं, नदीकाठचं गाव. उसाचं आणि गुऱ्हाळांचं. आप्पांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, ऊस उदंड होता, आणि हायवेकडची एक पट्टी गोदामवाल्यानं घेतल्यापासून पैशाला तोटा नव्हता. वय पासष्टच्या पुढं. त्यांनी मोबाईलवर गाडीचा फोटो दाखवला आणि पहिलंच विचारलं, की हिला गिअर हातानं टाकायचा ना? हल्लीच्या आमच्या सगळ्या गाड्या आपला गिअर आपणच बदलतात. या गाडीची हाताच्या गिअरची एक तुकडी कंपनी काढत होती, ती शेवटची. त्यातल्या दोन आमच्या शोरूमला येणार होत्या. एक मालकांच्या मित्राची आधीच झाली होती. दुसरीची चौकशी मी बघत होतो, म्हणजे ती कोणाला द्यायची हे तेव्हा तरी माझ्या हातात होतं.

घरचे त्यांना हसत होते. सून म्हणत होती, आप्पा, उसाच्या ट्रॉलीमागं ही गाडी काय करणार, आणि आपल्या गावातले स्पीडब्रेकर हिचं पोट फाडतील. हे आप्पांनीच मला सांगितलं, हसत हसत. मग मला बाहेर चहाला घेऊन गेले आणि टपरीशी उभं राहून, दुसरीकडं बघत, खरं काय ते सांगितलं.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. बाजूचं दिसणं कमी होत चाललं होतं, आणि गेलेलं परत येत नाही असं पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वर्ष, फार तर दीड वर्ष. मग गाडी चालवायची नाही. घरी अजून बोलले नव्हते. तरुणपणी गुळाच्या ढेपांनी भरलेला टेम्पो स्वतः पुण्याच्या मार्केटला नेलेला हा माणूस. सगळा जन्म कोणाच्या तरी मागं काढलेला — ट्रॉलीच्या, ट्रकच्या, बैलगाडीच्या. म्हणाले, "एकदा पाटसपासनं भिगवणपातूर मोकळी सोडायचीय. सकाळचा रस्ता रिकामा आसतो. येवढं झालं की डोळं गेलं तरी चालंल."

हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. का? एक तर गाडी वेळेत यायला हवी हे मला कळावं म्हणून. आणि दुसरं म्हणजे, मी कवठ्याच्या हेड्याचा मुलगा होतो.

हेडी म्हणजे बैलांचा दलाल. आबांनी जन्मभर बैलबाजार केला, आणि आप्पांनी शर्यतीचा एक खोंड आबांच्याच मध्यस्थीनं घेतला होता. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा; बघणाऱ्याला काही कळत नाही. जमलं की घेणारा इसार देतो — एखादी नोट, शब्दापुरती. इसार घेतला की बैल त्याचा. मग दुप्पट पैसे घेऊन कोणी दारात आला तरी विकायचा नाही, आणि इसार देणाऱ्यानंही दुसऱ्या बैलाकडं बघायचं नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. इसार मोडणाऱ्या हेड्याच्या हातात पुढं बाजारात कोणी दावं देत नाही. आबांना हे कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनी मला कधी शिकवलं नाही. मला ते माहीतच होतं.

आता ऐका.

शोरूममध्ये परत आल्यावर आप्पांनी पिशवीतून चेकबुक काढलं. तो चेक मी घेतला असता तर त्यांचं नाव सिस्टीमला चढलं असतं, कंपनीकडं गेलं असतं आणि गाडी छापील किमतीला त्यांची झाली असती. मोकळी राहिली नसती. आणि मला ती मोकळी ठेवायची होती. कोणासाठी, हे मलाही माहीत नव्हतं. नुसती मोकळी हवी होती. न जाणो, कोणी येईल. पण आप्पा दुसऱ्या शोरूमला जायलाही नको होते — समजा, कोणी आलंच नाही तर? म्हणून मी — हे मी केलं, त्यांनी नाही — हसून म्हणालो, "आप्पा, चेकची काय घाई? आपल्यात इसार चालतो की." आणि त्यांच्या खांद्यावरच्या उपरण्याखाली हात घातला.

त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्या चकचकीत फरशीवर, काचेच्या भिंतींच्या मधोमध, आम्ही दोघं उपरण्याखाली बोटं दाबत उभे होतो आणि रिसेप्शनची मुलगी टकामका बघत होती. मी छापील किंमत दाबली, वर काही नाही. त्यांनी होकार दाबला. शंभराची एक नोट माझ्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाले, "हेड्याचा पोरगा हायेस. तुला काय सांगायला नगं."

रंग त्यांनी हळदी सांगितला. तेवढा मी डायरीत लिहिला. नाव नाही लिहिलं.

दीडेक महिन्यानं तो 'कोणी' आला. पुण्यातले एक बिल्डर; तरुण, बोलायला गोड. अशा चार-पाच गाड्या त्यांच्याकडं आधीच होत्या. रंग कुठलाही चालेल, पॅकेज जे असेल ते लावा, म्हणाले. मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीन त्याच्या पुढ्यातच होती. त्यानं विचारलं, दुसऱ्या गाडीवर कोणाचं नाव नाहीये ना?

मी थांबलो का तेव्हा? घशाला कोरड पडली, आप्पांचा चेहरा समोर आला, असं काही? आठवून बघतो, पण नाही. "नाही, मोकळीच आहे," असं म्हणालो आणि खुर्ची ओढून बसलो.

मालकांनी सांगितलं नव्हतं. मॅनेजरनं दबाव टाकला नव्हता. मी आप्पांचं नाव घेतलं असतं तर तो थोडा कुरकुरला असता आणि विषय तिथंच मिटला असता. दुसऱ्या सेल्समनच्या बाबतीत तसं झालेलं मी बघितलंय. कोणी माझा गळा धरला नव्हता. वरच्या पैशातला वाटा मला मिळणार होता, आणि मिळाला. शिरूरच्या घरावर त्यातून मजला चढवला. तिथंच बसून लिहितोय हे.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर मी ते कदाचित कधी बोललोही नसतो. लोभ सुटला, चूक झाली, अशी माणसं ढिगानं असतात. पण मला राहूला जाऊन सांगायचं होतं. फोनवर सांगता आलं असतं. मी गेलो, कारण समोर बसून सांगितलेलं खोटं जास्त खरं वाटतं, हे मला माझ्या धंद्यानं शिकवलंय.

गुऱ्हाळ चालू होतं. आप्पांनी मला बाजेवर बसवलं आणि काहिलीतला गरम गूळ हातावर दिला. मी सांगितलं — कंपनीनं तुकडी कमी केली, आपल्या शोरूमची एक गाडी कापली, माझा नाइलाज आहे. तोंड पाडून सांगितलं. तोंड पाडायला मला छान जमतं.

ते चिडतील अशा तयारीनं गेलो होतो. चिडले नाहीत. काहिलीखालच्या जाळात एक चिपाड सारलं. मग, माझीच समजूत काढावी तशा आवाजात, त्यांनी सांगितलं की महिन्यापूर्वी मुंबईच्या एका शोरूमवाल्याचा त्यांना फोन आला होता. त्यांनी सुरुवातीला तिथंही चौकशी करून ठेवली होती. त्याच्याकडं एक गाडी होती. हाताच्या गिअरची, छापील किमतीला, चेक द्या आणि न्या. "मी न्हाई म्हनलं," आप्पा म्हणाले. "म्हनलं, आमचा इसार झालाय."

गूळ माझ्या हातावर तसाच होता. मी तो खाल्ला.

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मुंबईची गाडी गेलीही नसेल. एक फोन करून बघायचा होता. पण ती मिळाली असती तर आप्पांनी सहज विचारलं असतं, तुकडी कापली म्हणतोस, मग ह्यांच्याकडं कशी काय? आणि मुंबईवाल्यानं सांगितलं असतं की कुठलीच तुकडी कापलेली नाही. म्हणून नाही केला फोन. लोभ तोवर संपला होता, पैसे हातात आले होते. उरली होती ती नुसती भीती. एका म्हाताऱ्या माणसाच्या नजरेतून उतरायची भीती, आणि त्यापायी मी त्याची नजर चालली असताना गप्प बसलो. मी ती शंभराची नोट परत द्यायला काढली. त्यांनी घेतली नाही. राहू दे तुझ्याकडं, म्हणाले, पुढं कुठं निघाली तर पयली माझी.

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून लवकर झालं. आठेक महिन्यांत. गावच्या वळणावर डावीकडून शेळ्या घेऊन येणारी बाई त्यांना दिसलीच नाही. ती ओरडली म्हणून ब्रेक लागला. कोणाला काही झालं नाही. त्याच दिवशी आप्पांनी जीपची किल्ली सुनेच्या हातात दिली आणि घरात डोळ्यांचं सांगितलं. मला हे सुनेकडूनच कळलं, फोनवर. आप्पा मात्र दिवाळीला माझ्याकडं गूळ पाठवत राहिले. एकही दिवाळी चुकवली नाही.

आणि ती गाडी? बिल्डरांच्या बंगल्याखालच्या पार्किंगला, कव्हरखाली. सर्व्हिसच्या निमित्तानं मी तिथं जायचो. बॅटरी उतरू नये म्हणून वायर लावून ठेवलेली. ते ती चालवत नव्हते. चालवायला घेतलीच नव्हती. मोजक्या गाड्यांचा भाव वर्षागणिक चढतो, आणि जितकी कमी पळलेली तितका जास्त चढतो. विकतानाच मला हे माहीत होतं. गाडी हळदी रंगाचीच होती. ऑर्डर कुठल्या तरी रंगात टाकायचीच होती, तर मी डायरीत लिहिलेला रंग सांगून मोकळा झालो होतो. मी कव्हर उचलून बघायचो आणि परत नीट घालायचो. काय बघत होतो, मला सांगता येत नाही.

यंदा बिल्डरांनी ती विकायला काढली आणि गिऱ्हाईक बघायला मलाच सांगितलं. मी आप्पांना फोन केला; कोणाची तरी एक निघालीय, एवढंच सांगितलं. मन खात होतं म्हणून? असेल. पण त्या भावाला हो म्हणेल असा दुसरा कोणी माझ्या ओळखीत नव्हता, हेही तितकंच खरं. आप्पांनी भाव नंतर विचारला, हो आधी म्हणाले. डोळ्यांचं काय, असं मी विचारलं नाही. म्हणजे जिचा इसार त्यांनी मला दिला होता तीच गाडी त्यांनी दुसऱ्याकडून घेतली, दोनदा चढलेल्या भावानं, आणि मधली दलाली मी दोन्हीकडून घेतली. आबा घ्यायचे तशी. नाही — आबा घ्यायचे तशी नाही.

गाडीचे कागद सून वाचेल, पहिल्या विक्रीची तारीख बघेल, अशी धाकधूक होती. तिनं सही कुठं करायची तेवढंच विचारलं.

गाडी मी स्वतः चालवत राहूला नेली, स्पीडब्रेकरवर तिरपी घालत, पोट सांभाळत. सुनेनं ओवाळलं, नारळ फोडला. गुऱ्हाळावरचे यूपीचे कामगार हातातलं काम टाकून बघायला आले. आप्पांना आता फक्त समोरचं थोडं दिसतं, नळीतून बघावं तसं. ते हातानं चाचपत दारापर्यंत आले आणि चालवायच्या जागेवर बसले. मी शेजारी. त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, क्लच दाबून धरला आणि एकेक गिअर टाकून बघितला. पहिला, दुसरा, तिसरा. गाडी जागेवरच. पाटस-भिगवणचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही काढलं.

इथं मला रडू आलं असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. नाही आलं. मला तिथून निघायचं होतं.

मग त्यांनी विचारलं, किती पळलीय ही? मीटर त्यांना वाचता येत नव्हता. मी वाचला. तीनशेच्या आसपास, आणि त्यातले पन्नास मीच आज घातलेले. तेही सांगितलं. का सांगितलं कोणास ठाऊक.

"तीनशे," आप्पांनी आकडा परत म्हटला. हात स्टेअरिंगवर. मला वाटलं, झालं; कळलं यांना. बैल दातावरून ओळखणारा माणूस तो, त्याला किती वेळ लागणार? कधीची गाडी, कुठून आली, कोणी उभी करून ठेवली — जुळवतील आता एकेक. आणि खरं सांगतो, मला घटकाभर बरंही वाटलं.

"आजारी आसंल बिचारा," आप्पा म्हणाले. "न्हाईतर अशी गाडी घिऊन उभी कोन करतंय? त्याचंबी डोळंच गेलं आसतील. व्हय रं?"

मी म्हणालो, "व्हय, आप्पा."

त्यांनी मान हलवली. त्या माणसाला माझा रामराम सांग, म्हणाले, आणि त्याच्यासाठी गुळाची एक ढेप बांधून द्यायला लावली. ती मी घरी आणली. आम्हीच खाल्ली.

आता पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन येतो. गाडीचं काही बोलत नाहीत. त्या माणसाच्या डोळ्यांचं विचारतात, काही फरक पडला का. आहे तसंच आहे, असं मी सांगतो. काल परत आला होता. म्हणाले, मला बघणारा डॉक्टर चांगला हाय, त्याच्याकडं घिऊन जाऊ त्यांना. एकटं जायला माणूस भितो, मी येतो संगं.

विचारतो त्यांना, असं मी म्हणालो.